नदी की पहाड, अन् मधून हायवे

नमस्कार मंडळी.

मी नागपूरची, चौथीच्या वर्गाची शिक्षिका. लेकीकडे आले आहे, म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे.

प्राण्यांची घरं शिकवताना 'जोड्या जुळवा'मध्ये ससा–बीळ, सिंह–गुहा असं मी वर्षानुवर्षं लिहून घेतलं. मुलांना पैकीच्या पैकी गुण पडत. पण आपल्याकडचा रानससा बीळ खणतच नाही. गवतात अंगापुरता खळगा करून तो दबून बसतो. ते गवत हेच त्याचं घर. गवत पेटलं की घर गेलं. हे जोड्या जुळवून कळत नाही, म्हणून मी खेळाकडे वळले.

नदी की पहाड हा शिवाशिवीचा खेळ तुम्ही सगळेच खेळला आहात. तोच आम्ही शाळेच्या पटांगणात थोडा बदलला. खडूनं दोन्हीकडे आमच्या नागपूरजवळचं पेंचचं जंगल आखलं, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला चारा, मधून नागपूर–जबलपूर हायवे. दहा पोट्टे चितळ, तिघं ट्रक, एक मुलगी वाघ. पाणी पिऊन चाऱ्याकडे जायचं. ट्रकनं शिवलं की बाद. दोन मिनिटांत चितळं संपली. मग रस्त्याखालून एक वाट आखली, दोन पावलं रुंद. तिच्यातून जाणाऱ्याला ट्रकनं शिवायचं नाही. सगळी चितळं तिथंच दाटली आणि वाघ झालेली मुलगी नेमकी वाटेच्या तोंडाशी जाऊन बसली! तेव्हा एरवी वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, वाट मोठी करा न. अन् एकच काऊन?"

मग मी त्यांना सांगितलं, की खरोखर तसंच केलंय. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, महाराष्ट्रातल्या पेंचच्या पट्ट्यात, प्राण्यांना रस्त्याखालून जायला ९ मार्ग आहेत. ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत रुंद. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ, चितळ, रानकुत्री जाताना टिपली गेली आहेत. त्या दिवशी वर्गाला ७५० हा आकडा पाठ करावा लागला नाही. दोन पावलांच्या वाटेत ती मुलं अडकून आली होती.

फोनवरचे बरेच खेळ मला म्हणूनच पटत नाहीत. बोटानं प्राणी उचलून चित्रावर सोडायचा, हे पुन्हा जोड्या जुळवणंच झालं. मुलाला चितळ होऊन धावू द्या, तहान लागू द्या, वाट अडू द्या.

जेवणं झाली की मी मागच्या मैदानावर खडू घेऊन थांबते. मुलांना पाठवा. पेंचऐवजी तुमच्या घरासमोरचा रस्ता आखू. तो कोणकोणते प्राणी ओलांडतात, ते मला त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे.