१९०५ पासून ६१७४ पर्यंत

मंडळी, आत येताना प्रत्येकाला एक कोरा कागद आणि पेन्सिल मिळाली आहे. त्यांचा उपयोग आता लगेच करायचा आहे. चार अंकी कोणतीही एक संख्या घ्या, चारही अंक एकसारखे नसले म्हणजे झाले. तेच अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान करा, आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करा. मी फळ्यावर १९०५ घेतो. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. पुढे ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि सातव्या वजाबाकीला ७६४१ वजा १४६७, म्हणजे ६१७४. आता ६१७४ चेच अंक पुन्हा मांडा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. संख्या तिथून हलत नाही. तुमच्यापैकी कोणी काहीही घेतले असेल, तरी सात किंवा त्याहून कमी वजाबाक्यांत तुम्हीही इथेच येऊन थांबला असाल; तसे झाले नसेल, तर मधे कुठेतरी हातचा चुकला आहे, एवढे मी तुमचा कागद न बघता सांगू शकतो.

१९०५ ही संख्या मी मुद्दाम घेतली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म त्या वर्षी १७ जानेवारीला डहाणूला झाला. ठाण्याला शाळा, पुण्याला फर्ग्युसन कॉलेज, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक, आणि त्यानंतर १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षे नाशिकजवळच्या देवळालीत मास्तरकी. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात पद नाही, साधने म्हणाल तर कागद आणि पेन्सिल, म्हणजे आत्ता तुमच्या हातात आहेत तेवढीच. ६१७४ ची गोष्ट त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. तेव्हाच्या अनेक गणितज्ञांना हे सारे पोरखेळाचे वाटले, आणि कापरेकरांना आपले काम स्वतः छापलेल्या छोट्या पुस्तिकांतून लोकांपुढे ठेवावे लागले. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे जगाला देवळालीच्या या मास्तरांचे नाव कळले; त्यांना निवृत्त होऊन तोवर जवळजवळ १३ वर्षे झाली होती. मला स्वतःला कोडी, प्रोग्राम आणि गणिताविषयी लोकांशी बोलणे या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत, आणि ते का, हे कापरेकरांच्या या एका वजाबाकीवरूनच मी आज दाखवणार आहे.

विद्यार्थी असताना ही वजाबाकी मला पहिल्यांदा भेटली, तेव्हा मी नुकताच सी भाषेत प्रोग्राम लिहायला शिकलो होतो. हाताने दहाबारा संख्या करून पाहण्यापेक्षा १००० ते ९९९९ या सगळ्या ९००० संख्या संगणकाकडून तपासून घ्याव्यात, असे ठरवून मी वसतिगृहाच्या संगणक कक्षात रात्री बसलो. प्रोग्राम चालला आणि पडद्यावर आले की ७७ संख्या ६१७४ वर न जाता शून्यावर जातात. त्यांतल्या ११११ पासून ९९९९ पर्यंतच्या नऊ संख्या तर शून्यावर जाणारच होत्या. पण उरलेल्या ६८ चे काय? कापरेकरांच्या विधानाला ६८ अपवाद सापडले, असे मला त्या रात्री खरोखर वाटले. मग त्या यादीतली २१११ घेऊन मी ती वहीत केली. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. संगणकाच्या लेखी ही तीन अंकी संख्या होती, म्हणून पुढची पायरी ९९९ वजा ९९९, आणि उत्तर शून्य. वहीत मात्र मी सहस्राच्या घरात सवयीने शून्य मांडले होते: ०९९९. त्याच्यापुढे ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, आणि पाचव्या वजाबाकीला ६१७४. चूक कापरेकरांची नव्हती, प्रोग्रामची होती. मी त्याला अंकांचे घर रिकामे ठेवायला शिकवले नव्हते. प्राथमिक शाळेत एकक, दशक, शतक, सहस्र अशी घरे आखून बाई जे शिकवतात त्याचे वजन मला त्या रात्री जितके जाणवले तितके त्याआधी कधी जाणवले नव्हते.

दुरुस्त केलेल्या प्रोग्रामने ०००० ते ९९९९ मधल्या, सारख्या अंकांच्या दहा सोडून उरलेल्या सर्व ९९९० संख्या तपासल्या. एकही अपवाद निघाला नाही. ६१७४ स्वतः धरून ३८४ संख्या पहिल्याच वजाबाकीला पोहोचतात, सर्वांत जास्त म्हणजे २४०० संख्यांना तीन वजाबाक्या लागतात, २१८४ संख्यांना पुऱ्या सात लागतात, आणि आठवी कोणालाच लागत नाही. विधान सिद्ध झाले, कारण तपासायचे काही शिल्लकच उरले नाही. तरी माझे समाधान झाले नाही. ९९९० वेळा ‘हो’ म्हणणाऱ्या यंत्राने एकदाही ‘का’ सांगितले नव्हते. म्हणून मी त्याला दुसरा प्रश्न घातला: पहिल्या वजाबाकीनंतर वेगवेगळी उत्तरे किती येतात? ते म्हणाले, फक्त ५४. जवळजवळ दहा हजार संख्या एकाच पावलात ५४ वर गोळा होतात! हा आकडा दिसल्यावर मी संगणक बंद करून पुन्हा वही घेतली, कारण आता बीजगणित करायला हवे होते.

ते इथे करून दाखवण्याइतके सोपे आहे. उतरत्या क्रमाने मांडलेले अंक अ, ब, क, ड समजा. वजाबाकी केल्यावर उरते ती ९९९ गुणिले (अ वजा ड), अधिक ९० गुणिले (ब वजा क). म्हणजे तुमचे चार अंक कोणते होते हे वजाबाकीच्या लक्षातच राहत नाही. बाहेरच्या दोघांतला फरक आणि मधल्या दोघांतला फरक, एवढेच तिला ठाऊक असते. बाहेरचा फरक १ ते ९ पैकी काहीही, आणि मधला फरक शून्यापासून फार तर बाहेरच्या फरकाएवढा. दोन, तीन, चार असे करत दहापर्यंत मिळवा: ५४. मग दहा हजार संख्यांचा प्रश्न ५४ ओळींच्या तक्त्याचा होतो, आणि तो तक्ता कोणीही दुपारच्या फावल्या वेळात पुरा करू शकतो. कापरेकरांपाशी संगणक नव्हता, तरी त्यांना जे दिसले ते कसे दिसू शकले असेल, याची मला या तक्त्यावरून थोडीशी कल्पना आली.

हे सगळे मला पूर्ण समजले आहे अशा समजुतीत मी पुढे बरीच वर्षे होतो. मग एका गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीच्या वर्गापुढे मी हीच वजाबाकी फळ्यावर करत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, पहिला आणि शेवटचा अंक मिळवला की दरवेळी दहाच येतात.” मी फळ्याकडे पाहिले. ९३५१: नऊ आणि एक. ८१७२: आठ आणि दोन. ६१७४: सहा आणि चार. माझ्याच हाताने मी या संख्या शेकडो वेळा लिहिल्या होत्या आणि मला ते दिसले नव्हते. मी काही बोलायच्या आत तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, “माझे नाही आले.” त्याने ५३३२ घेतली होती, ५३३२ वजा २३३५ म्हणजे २९९७, आणि दोन अधिक सात नऊ. पुढचा अर्धा तास तो वर्ग जे करत होता त्याला मी संशोधन म्हणेन, कारण दुसरा शब्दच लागू पडत नाही. मुलांनी आपापली उत्तरे दोन गटांत लावली, आणि मधले दोन अंक सारखे असले की गाडी दुसऱ्या रुळावर जाते, हे त्यांचे त्यांनीच काढले. सारखे नसतील तर बाहेरची बेरीज दहा आणि मधली आठ. सारखे असतील तर मधे दोन नऊ आणि बाहेरची बेरीजही नऊ. घरी येऊन मी बीजगणितात पाहिले तर ते तिथे होतेच: बाहेरचा फरक त आणि मधला फरक म असेल, आणि म शून्य नसेल, तर उत्तराचे अंक क्रमाने त, म वजा १, ९ वजा म, आणि १० वजा त. ६१७४ साठी त सहा आणि म दोन. तेव्हापासून मी लोकांपुढे बोलायला जातो तो आपल्याला माहीत आहे ते सांगण्याइतकाच, आपल्याला दिसलेले नाही ते ऐकण्यासाठी.

प्रत्येक सभेत येणारा दुसरा प्रश्न म्हणजे अंकांची संख्या बदलली तर काय होते. तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात. दोन अंकी थांबत नाहीत: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९, असे त्यांचे रिंगण चालू राहते. पाच अंकी संख्यांना विसाव्याचे ठिकाणच नाही. त्यांची तीन रिंगणे आहेत, एक दोन संख्यांचे आणि दोन चार-चार संख्यांची. दोन संख्यांचे तुम्ही आत्ता करून पाहू शकता: ५३९५५ वरून ५९९९४, आणि ५९९९४ वरून परत ५३९५५. ज्यांना प्रोग्राम लिहिता येतो त्यांनी घरी सहा अंकी करावी. मी उत्तर सांगत नाही, पण अंकांची घरे आधी आखून घ्या.

कापरेकरांच्या स्वयंभू संख्यांवर खरे तर वेगळे व्याख्यान हवे. ४७ मध्ये तिचेच अंक मिळवले की ५८ होते, म्हणजे ५८ ला जन्मदाती आहे. १०१ ला तर दोन आहेत, ९१ आणि १००. पण २० ला एकही नाही, ३१ ला नाही, ४२ ला नाही. देवळालीच्या नावावरून या संख्यांना देवळाली संख्याही म्हणतात. त्या शोधायचा प्रोग्राम दहा ओळींचा आहे: प्रत्येक संख्येपासून जी निर्माण होते तिच्यावर फुली मारत जायचे आणि शेवटी कोणावर फुली नाही ते पाहायचे. तोच खेळ पाटीवर १०० पर्यंत दुसरीतले मूलही खेळू शकते, आणि त्यासाठी त्याला ‘स्वयंभू’ शब्दाचा अर्थ मराठीत समजावून सांगावा लागत नाही.

आता पुन्हा फळ्यावरच्या १९०५ कडे या. कापरेकर १९८६ साली देवळालीतच वारले. ९८६१ वजा १६८९ करा: पहिल्याच वजाबाकीला ८१७२ येते. १९०५ दोन वजाबाक्यांनंतर जिथे पोहोचते तेच हे ठिकाण, आणि तिथून पुढच्या पाचही पायऱ्या दोन्ही वर्षांच्या एकच आहेत. आता प्रत्येकाने आपले जन्मवर्ष घ्या, किती वजाबाक्या लागल्या ते कागदाच्या कोपऱ्यात लिहा, आणि कागद पुढे पाठवा; सातवाले किती निघतात ते आपण फळ्यावर मोजू.