बसल्या जागी शेजारी गिळणारी गॅलेक्सी

ब्लॅक होलचा तो पहिला फोटो बघितलाय ना, २०१९ चा, केशरी कडं आणि मधे काळं? सगळे त्या काळ्याबद्दलच बोलले, पण ते ज्या गॅलेक्सीत बसलंय तिच्याबद्दल फार कोणी बोललंच नाही, आणि मला विचाराल तर खरी गंमत तिथे आहे.

तिचं नाव एम ८७. साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षं लांब. हजारभर गॅलेक्सींचा घोळका आहे, व्हर्गो क्लस्टर, त्याच्या मध्यावर ही ठाण मांडून बसलीये. आपल्या आकाशगंगेसारखे सर्पिल हात वगैरे काही नाही, नुसता फुगीर गोळा, त्यात बहुतेक म्हातारे तारे. आपल्या आकाशगंगेभोवती गोलाकार तारकागुच्छ (म्हणजे लाखो ताऱ्यांचे गच्च गोळे) दीडशेच्या आसपास, हिच्याभोवती हजारोंनी! आले कुठून? बरेचसे दुसऱ्यांचे ढापलेले.

होतं काय, की एखादी गॅलेक्सी क्लस्टरमधून जाते तेव्हा तिच्या ओढीने आजूबाजूचे तारे, डार्क मॅटर (न दिसणारं, पण ओढ लावणारं द्रव्य) सगळं तिच्या मागे गोळा होतं आणि ते तिलाच मागे खेचतं, म्हणजे कुठे काही घासलं नाही तरी ब्रेक लागतो. हे गणित खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरांनी १९४३ मध्येच मांडलं होतं, ताऱ्यांसाठी. वेग गेला की ती घसरत घसरत मध्याकडे येते, आणि मध्यात कोण बसलंय? शास्त्रज्ञ याला सरळ कॅनिबलिझम, म्हणजे आपल्याच जातीच्यांना खाणं, म्हणतात हां, मी नाही.

बरं, आता घोळ. क्लस्टरभर कोट्यवधी अंश तापलेला गॅस असतो, तो एक्स-रे फेकत राहतो म्हणजे उष्णता जाते, म्हणजे मधला दाट गॅस थंड होऊन आत पडायला हवा, त्याचे ढिगाने नवे तारे व्हायला हवेत. होतात अगदीच थोडे!

कारण तेच ब्लॅक होल, साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वजनाचं. गॅस आत पडला की ते जेट, म्हणजे प्रचंड वेगवान झोत, सोडतं (एम ८७ चा जेट खगोलशास्त्रज्ञ कर्टिसला १९१८ मध्येच दिसला होता, फक्त तो काय आहे हे कळत नव्हतं), जेट गॅसमध्ये मोठाले बुडबुडे फुगवतो, गॅस परत तापतो, पुरवठा आटतो, जेट मंदावतो, मग परत गार... गिझरच्या थर्मोस्टॅटसारखं.

पर्सियस नावाच्या दुसऱ्या एका क्लस्टरमध्ये तर या बुडबुड्यांमुळे गॅसमध्ये चक्क ध्वनिलहरी उठतात, चंद्रा या अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणीला त्या दिसल्या, २००३ मध्ये जाहीर झालं. सूर कुठला? पेटीवाल्यांच्या भाषेत काळी पाच, फक्त मधल्या सप्तकाच्या ५७ सप्तकं खाली. एक लाट पुरी व्हायला जवळजवळ एक कोटी वर्षं.