शिवरात्र ते पाडवा: परसबागेचा महिना

नमस्कार, श्रोते हो.

पंचांगात वसंत चैत्राचा, पण अंगणातल्या झाडांना तो त्याआधीच लागतो. महाशिवरात्र झाली की दुपारचं ऊन टोचू लागतं आणि पानगळीतून नवी पालवी डोकावते. तिथपासून गुढीपाडव्यापर्यंत जेमतेम महिना मिळतो. छाटणी, कुंड्या बदलणं, आळी बांधणं, सगळं याच महिन्यात उरकावं. एप्रिलच्या उन्हात मुळं हलवलेलं झाड सहसा सावरत नाही.

सुरुवात मोगऱ्यापासून करू, कारण त्याची वेळ टळत आली आहे. मोगऱ्याला कळी धरते ती नव्या फुटीच्या शेंड्याला. जुन्या काड्या तशाच ठेवल्या तर झुडूप पसरतं आणि फुलं मोजकीच येतात. जमिनीतल्या झाडाचं पाणी आठ-दहा दिवस तोडा. माती हलकी असेल तर इतकंही नको. मग धारदार सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या कात्रीनं, दीड फुटावर छाटा. वाळक्या आणि आतल्या बाजूला शिरलेल्या काड्या बुडापासून काढा, उरलेली पानं हातानं ओरबाडून टाका. कुंडीतलं झाड असेल तर वरचा तिसरा हिस्सा छाटला तरी पुरे. आता खुरप्यानं वरची दोन इंच माती मोकळी करा. बारा इंची कुंडीला दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून भरपूर पाणी द्या. एवढं करूनही नुसती पानंच येत असतील, तर दोन संशयित: एकतर युरिया जास्त झाला, नाहीतर झाडाला पाच-सहा तास ऊन मिळत नाही. सावलीतल्या मोगऱ्याला कितीही खत घाला, उपयोग शून्य.

या दिवसांत कुंडीत पाणी घातलं की ते क्षणात खालून वाहून जातं. माती प्यायली, असं वाटतं. प्रत्यक्षात वाळलेली माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते आणि पाणी त्या फटीतून निसटतं. मधली मुळं कोरडीच राहतात. अशी कुंडी बादलीभर पाण्यात बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, ठेवा. नंतर कडेची फट मातीनं बुजवा.

जमिनीतल्या झाडांचा गळलेला पाला कृपा करून जाळू नका. तोच आळ्यात तीन इंच जाड पसरा. बुंध्याभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी सोडा. ओला पाला सालीला चिकटला की साल कुजते, आणि वाळवीलाही आयती वाट मिळते. आच्छादनाखाली बोट दोन पेरं खुपसून पाहा. माती गार लागली, तर त्या दिवशी पाणी नको.

जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसला, तर तो पिठ्या ढेकूण. खोडावर मुंग्यांची रांग असेल, तर तिच्यामागे बहुधा तो असतो. त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. जास्त भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोराचा फवारा मारा आणि संध्याकाळी एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल व थोडा पातळ साबण फेटून पानांच्या खालून फवारा. आठ दिवसांनी पुन्हा करा. एका फवारणीत तो जात नाही, कारण अंडी त्या कापसात सुरक्षित राहतात. भर उन्हात तेल फवारलं तर मात्र पानं करपतात.

चाफा सध्या निष्पर्ण दिसेल. तो मेलेला नाही. नखानं साल खरवडा, आत हिरवं दिसलं की निश्चिंत राहा. पानं नसताना पाणी ओतत राहिलं तर त्याचं खोड कुजतं.

आता अंगणातला आंबा. मोहोर पूर्ण फुललेला असताना कोणतीही फवारणी नको, कारण परागीकरण करणाऱ्या माश्या तेव्हाच झाडावर असतात. फळं वाटाण्याएवढी झाली की गळ सुरू होते. घाबरू नका, एका मोहोरावर अखेर एखाद-दुसरंच फळ टिकतं. पाणी मात्र द्यावं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे की फळधारणेनंतर मोठ्या झाडाला 150 ते 200 लिटर पाणी, पंधरा-पंधरा दिवसांनी तीन वेळा द्यावं. ते बुंध्याशी ओतू नका. माध्यान्हीला सावलीची कड जिथे पडते, तिथल्या चरात सोडा. पाणी पिणारी बारीक मुळं तिकडे असतात.

फळ अंड्याएवढं झालं की 25 बाय 20 सेंटिमीटरची कागदी पिशवी देठाशी सुतळीनं बांधा. फळमाशीला डंख मारायला जागाच उरत नाही. आणि खाली पडलेली किडकी फळं रोज वेचून हातभर खड्ड्यात पुरा. ती पडून राहिली तर आतल्या अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि पुढची माशी तुमच्याच अंगणातून उडते.

नमस्कार.