पिवळ्या रेषेचा माग : हेलियम, विजयदुर्ग आणि सत्तावीस वर्षं

[दृश्य : विजयदुर्ग. तटावरून वाघोटनची खाडी, मग किल्ल्यातले चौथरे.]

देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी हा विजयदुर्ग. किल्ल्यातल्या या चौथऱ्यांना इथे ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. साहेब म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर. १८ ऑगस्टला इथे हेलियम दिन साजरा होतो, आणि सांगितलं जातं की १८६८ साली याच ओट्यांवरून लॉकियर यांनी ग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला.

त्या दिवशी ग्रहण झालं, हे खरं. लॉकियर विजयदुर्गला आले, हेही खरं. पण या दोन गोष्टींमध्ये तीस वर्षांचं अंतर आहे.

[दृश्य : नकाशा. ग्रहणाचा पट्टा दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे सरकतो.]

१८ ऑगस्ट १८६८. खग्रास पट्ट्यात विजापूर, जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टण. कोकणाचा ऑगस्ट ज्याने पाहिला आहे, तो सूर्य बघायला इथे दुर्बीण मांडणार नाही. घाटमाथ्यापलीकडेही पावसाने सोडलं नव्हतंच. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल यांना ढगांच्या फटींतून काम भागवावं लागलं. लॉकियर तेव्हा लंडनमध्ये होते, युद्धखात्यात कारकुनी करत होते आणि मागवलेला स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाश रंगांत पसरवून दाखवणारं उपकरण, तयार होण्याची वाट पाहत होते.

ते विजयदुर्गला आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. आकाश निरभ्र, जहाज थेट किल्ल्याच्या पायथ्याशी. ‘मेलपोमेनी’ या युद्धनौकेच्या खलाशांना उपकरणांवर तालीम देऊन कामाला लावलं होतं. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर पेडलर सोबत होते. प्रफुल्लचंद्र राय यांना रसायनशास्त्र शिकवलं ते हेच. त्याच दिवशी पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या तुकडीसह जेऊरला होते. विजयदुर्गला मिळालेला अंधार जेमतेम दोन मिनिटांचा. एवढ्या वेळात एकामागून एक छायाचित्राच्या काचा बदलत वर्णपटाची, म्हणजे प्रकाशाच्या पसरलेल्या रंगपट्ट्याची, छायाचित्रं घ्यायची. उपकरण जरा हललं की रेषा फाकली, आणि पुन्हा संधी नाही. म्हणून उपकरणाखाली ओट्यासारखं पक्कं बूड हवं.

म्हणजे ओट्यांचं मोल कमी होत नाही. फक्त त्यांच्यावर उभं राहून पाहिलेला हेलियम तोवर प्रयोगशाळेत, काचेच्या नळीत येऊन पोचला होता.

[दृश्य : सूर्याच्या कडेवरची लाल सौरज्वाला. शेजारी वर्णपटातली पिवळी रेषा.]

आता १८६८ कडे. जर्मनीत बुन्सेन आणि किर्कहॉफ यांनी १८५९-६० मध्ये दाखवून दिलं होतं की प्रत्येक मूलद्रव्य ज्योतीत आपल्या ठरावीक रेषा देतं. त्यांच्या हिशेबाने मिलिग्रॅमचा तीस लाखावा भाग इतकं सोडियमही पिवळी रेषा उमटवतं. या पद्धतीने त्यांनी सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यं शोधली. तराजूवर न चढणारा पदार्थ रसायनशास्त्रात पहिल्यांदाच नोंदवता येऊ लागला.

ग्रहणात सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या ज्वालांवर स्पेक्ट्रोस्कोप रोखला, तेव्हा तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे ज्वाला हा तप्त वायू. लाल आणि निळी रेषा हायड्रोजनची. मधली पिवळी मात्र बहुतेकांनी सोडियमची ‘डी’ म्हणून नोंदवून टाकली. हर्शेल यांनीही. यात त्यांना हसण्याचं कारण नाही. ग्रहण काही मिनिटांचं आणि रेषा सोडियमच्या अगदी खेटून.

गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पियरे जान्सेन यांच्या लक्षात आलं की रेषा इतक्या ठसठशीत आहेत की ग्रहण नसतानाही दिसाव्यात. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी त्या भर उन्हात पाहिल्या. यामागचं तत्त्व साधं आहे. आकाशाचा उजेड सर्व रंगांचा असतो. स्पेक्ट्रोस्कोप त्याला लांब पट्टीभर पसरवतो आणि तो फिका पडतो. ज्वालेचा उजेड मोजक्या रेषांमध्ये एकवटलेला. तो कितीही ताणला तरी रेषा रेषाच राहते. ताण जितका अधिक, तितकी पार्श्वभूमी काळवंडते आणि रेषा उठून दिसते.

लॉकियर यांचं उपकरण ऑक्टोबरमध्ये हाती आलं आणि २० ऑक्टोबरला त्यांनी लंडनमधून तेच साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. ग्रहणाची घाई नसल्याने आता रेषेची जागा सावकाश मोजता आली. ती सोडियमवर बसत नव्हती.

[दृश्य : टेबलावर बुटांचा खोका, दोन ब्लेड, डीव्हीडी, स्पिरिटचा दिवा.]

ही चूक किती सहज होते, ते घरीच कळतं. साधारण ३० सेंटीमीटर लांबीचा खोका घ्या, आतून काळा कागद लावा. एका टोकाला दोन ब्लेडच्या धारा समोरासमोर चिकटवा. मधे वहीचा एक कागद धरून चिकटवल्या की जवळपास ०.१ मिलिमीटरची फट मिळते. दुसऱ्या टोकाला प्रकाश रंगांत फोडणारी जाळी म्हणून कोऱ्या डीव्हीडीचा तुकडा. चकतीचे दोन थर ब्लेडने उकलायचे, पारदर्शक थरावरचा जांभळा रंग स्पिरिटने पुसायचा आणि बाहेरच्या कडेजवळचा तुकडा कापायचा. तिथल्या खाचा जास्त सरळ असतात. खाचा फटीला समांतर ठेवा. दोन खाचांमधलं अंतर ०.७४ मायक्रोमीटर, त्यामुळे पिवळा रंग समोरच्या दिशेपासून सुमारे ५३ अंश बाजूला दिसतो. नवखा माणूस नाकासमोर बघत राहतो आणि म्हणतो, काही दिसत नाही.

उपकरण जमलं का, हे तपासायला जुना सीएफएल दिवा उत्तम. त्यातल्या पाऱ्याची हिरवी रेषा ५४६.१ नॅनोमीटर तरंगलांबीवर, निळी ४३५.८ वर. पिवळ्यात ५७७.० आणि ५७९.१ अशी फिकट जोडी असते. ही जोडी सुटी दिसली की खोका कामाचा. चिकटून दिसली तर फट रुंद आहे. रेषा एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक असेल तर ब्लेड समांतर नाहीत. पूर्ण पट्ट्यावर आडव्या काळ्या रेघा दिसल्या तर त्या मूलद्रव्याच्या नव्हेत, फटीत अडकलेल्या धुळीच्या.

मग स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत शिरोड्याच्या मिठागरातलं मीठ घातलेलं पाणी शिंपडा. झगझगीत पिवळी रेषा. बारकाईने पाहिलं तर तीही दोन रेषांची, ५८९.० आणि ५८९.६. खोक्यातून त्या सहसा एकच दिसतात. सूर्यावरची ती वेगळी रेषा ५८७.६ वर, म्हणजे सोडियमच्या जवळच्या रेषेपासून फक्त १.४ नॅनोमीटर अलीकडे.

आता मीठ न घालता ज्योत पाहा. किनाऱ्यावर सोडियम जात नाही! वातीवर, तारेवर, हवेतल्या तुषारांत ते असतंच. बुन्सेन यांनीही प्रयोगशाळेतल्या हट्टी सोडियमचा संबंध समुद्राच्या फेसाशी जोडला होता. प्लॅटिनमची तार हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा लाल करायची, तेव्हा कुठे रेषा मालवते. पिवळी रेषा दिसली की आधी सोडियमवर संशय घ्यायचा, ही सवय त्या काळच्या प्रत्येक अभ्यासकाला लागली होती.

हा खोका सूर्याकडे कधीही रोखू नका. सूर्याकडे पाठ करून निळ्या आकाशाकडे धरला तरी पुरतं. सोडियमची जागा तिथे काळ्या रेघेने दिसते. ५८७.६ वर मात्र काही नसतं. ती रेषा येण्यासाठी हेलियमच्या अणूला आधी सुमारे २१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जा मिळावी लागते, आणि सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावर तेवढी उष्णता नाही. वरच्या पातळ रंगावरणात आणि ज्वालांतच ती उजळते. म्हणून फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा नोंदवल्या, त्यांत ही नव्हती.

[दृश्य : तराजू, मग काचेचा गोळा.]

लॉकियर यांनी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासोबत हायड्रोजनवर दाब आणि तापमान बदलून पाहिलं. पिवळी रेषा निघेना. नवं मूलद्रव्य असल्याची कल्पना पुढे आली, हेलियम हे नाव पडलं, पण बहुतेक रसायनशास्त्रज्ञांनी ते मनावर घेतलं नाही. आमच्या मते ते रास्तच होतं. नुसत्या रेषेवरून अणुभार निघत नाही, घनता निघत नाही, अभिक्रिया तपासता येत नाही.

पुढची वाट निघाली वेगळ्याच कोड्यातून. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून काढलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम, रासायनिक संयुगांतून काढलेला १.२५०५ ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कुणी तो मोजमापातली चूक म्हणून सोडला असता. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवून शोषून घेतला; मागे जो निष्क्रिय वायू उरला तो आर्गॉन, १८९४. कॅव्हेंडिश यांना १७८५ मध्येच असा एक न विरघळणारा बुडबुडा उरलेला दिसला होता, मूळ वायूच्या १२० व्या भागाहून मोठा नाही. त्यांनी तशी नोंद करून ठेवली होती.

आर्गॉन कुठल्या खनिजात सापडतो का, हे रॅम्झी शोधत होते. अमेरिकेत विल्यम हिलब्रँड यांनी युरेनियमचं खनिज आम्लात उकळल्यावर एक निष्क्रिय वायू निघतो, असं नोंदवलं होतं. त्यांनी तो नायट्रोजन ठरवला होता. रॅम्झी यांनी क्लेव्हाइट हे युरेनियमचं खनिज मागवलं.

[दृश्य : काचेची उपकरणं, विद्युत ठिणगी, डिस्चार्ज नळी.]

कृती अशी. खनिजाची पूड विरल सल्फ्युरिक आम्लात उकळायची, निघालेला वायू गोळा करायचा. त्यात ऑक्सिजन मिसळून कॉस्टिक सोड्यावर ठिणग्या पाडायच्या. नायट्रोजन असेल तर त्याची ऑक्साइडं होऊन अल्कलीत विरघळतात. उरलेला ऑक्सिजन अल्कलीयुक्त पायरोगॅलॉलने शोषायचा. जे राहील ते सुकवून कमी दाबाच्या नळीत भरायचं आणि वीज सोडायची. नायट्रोजनचा अंश राहिला तर त्याच्या पट्ट्यांत बाकी रेषा हरवतात, म्हणून ही सगळी धुलाई.

मार्च १८९५. नळीत एक प्रखर पिवळी रेषा दिसली. सोडियमच्या रेषांशी ताडून पाहिली. शेजारी, पण अलग. मोजणीसाठी नमुना विल्यम क्रुक्स यांच्याकडे गेला आणि जागा सूर्यावरच्या रेषेशी जुळली. त्याच सुमारास उपसालाला क्लेव्ह आणि लांग्लेट यांनीही स्वतंत्रपणे हेलियम मिळवून त्याचा अणुभार काढला. मधे एक अडचण आली : रुंगे आणि पाशेन यांना प्रयोगशाळेतली रेषा दुहेरी दिसली, सूर्यावरची मात्र एकेरी मानली जात होती. अधिक ताकदीची उपकरणं लावल्यावर सूर्यावरचीही दुहेरी निघाली आणि वाद मिटला.

या वायूंना आवर्तसारणीत जागाच नव्हती. मेंडेलीव्ह आर्गॉनला आधी नायट्रोजनचे तीन अणू जोडलेला रेणू समजत होते. १८९८ मध्ये निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन आले आणि सारणीला एक अख्खा गट जोडावा लागला.

हेलियम युरेनियमच्या खनिजातच का, याचं उत्तर रदरफोर्ड आणि रॉइड्स यांनी दिलं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून पातळ काचेच्या नळीत त्यांनी रेडॉन हा किरणोत्सारी वायू कोंडला आणि तिच्याभोवती निर्वात नळी बसवली. रेडॉनमधून सुटणारे अल्फा कण ती काच भेदून बाहेर येतात. दोन दिवसांनी बाहेरच्या नळीत पिवळी रेषा दिसू लागली, सहा दिवसांनी हेलियमच्या साऱ्या मुख्य रेषा. शंकेला जागा नको म्हणून त्याच पातळ नळीत नुसता हेलियम भरून पाहिला. तो बाहेर झिरपला नाही. खनिजातला वायू म्हणजे दगडात साठलेले अल्फा कण.

[दृश्य : लायडनची प्रयोगशाळा, जुनं छायाचित्र.]

१० जुलै १९०८ ला लायडनमध्ये कामर्लिंग ओनेस यांनी मोनाझाइट वाळूतून काढलेला हेलियम द्रव हायड्रोजनने गार करून प्रसरण पावू दिला. संध्याकाळी तापमापक ४ केल्विनच्या (सुमारे उणे २६९ अंश सेल्सियस) आसपास अडला, खाली जाईना. भांड्यात द्रव साचला होता, पण दिसत नव्हता; त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.०२५ च्या आसपास, वायूहून जेमतेम वेगळा. खालून दिवा धरल्यावर पातळी उमटली. सुमारे ६० घनसेंटीमीटर. त्याच रात्री पंपाने दाब उतरवून तो गोठवण्याचा प्रयत्न झाला. तो फसणारच होता : साध्या दाबाखाली हेलियम कितीही गार केला तरी गोठत नाही, निदान २५ वातावरणांचा दाब द्यावा लागतो. १९२६ मध्ये त्याच प्रयोगशाळेत केसोम यांनी तो दिला.