पत्र वाचलं म्हणून गोळ्या

1845 चा उन्हाळा. रशियातल्या पीटर्सबर्गमधे या दिवसांत रात्र अशी धड होतच नाही, पहाटे चारला चांगलं उजाडलेलं असतं, आणि अशा वेळी दोघंजण एका तेवीस वर्षांच्या पोराचं दार वाजवतायत. एक कवी नेक्रासोव, दुसरा लेखक ग्रिगोरोविच. रात्रभर जागून त्याचं हस्तलिखित वाचून काढलंय आणि आता सकाळपर्यंत दम निघत नाहीये. पोराचं नाव दस्तयेवस्की, कादंबरी 'गरीब माणसं'.

नेक्रासोव बाड घेऊन बेलिन्स्कीकडे गेला, म्हणाला नवा गोगोल आलाय! गोगोल म्हणजे तेव्हाचा मोठा रशियन लेखक. बेलिन्स्की म्हणे, तुमचे गोगोल काय कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवतात. पण संध्याकाळी तोच मागे लागला, आणा त्याला, लवकर आणा.

हा बेलिन्स्की समीक्षक. आता समीक्षक म्हटलं की आपल्याला वाटतं, पुस्तक आल्यावर चार ओळी खरडणारा. तिकडे भूदासांबद्दल, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांबद्दल, झारच्या कारभाराबद्दल उघड लिहायची सोयच नव्हती, सेन्सॉर बसलेला, मग ते सगळं परीक्षणातून आडवळणाने यायचं. कादंबऱ्या मासिकांत हप्त्याहप्त्याने यायच्या, त्यांच्यावरची भांडणंही तिथेच.

पुढे बेलिन्स्की आणि दस्तयेवस्कीचं फाटलं. दस्तयेवस्कीची पुढची कादंबरी 'डबल' काही बेलिन्स्कीला फारशी पटली नाही, बोलणंही तुटलं. मग 1847 मधे गोगोलने चर्चची, भूदासपद्धतीची बाजू घेणारं पुस्तक काढलं आणि आजारी बेलिन्स्कीने जर्मनीतून त्याला असं काही झणझणीत पत्र लिहिलं की ते छापणं शक्यच नव्हतं, हाताने नकला करून फिरायचं. 1848 ला बेलिन्स्की क्षयाने गेला.

एप्रिल 1849. दस्तयेवस्कीने मित्रांच्या बैठकीत हे पत्र मोठ्याने वाचलं. अटक झाली, आरोपांत हे वाचनही होतं. 22 डिसेंबरला सेम्योनोव्स्की मैदानावर गोळ्या घालायला उभं केलं आणि ऐनवेळी शिक्षा बदलली, चार वर्षं सक्तमजुरी, सैबेरियातल्या ओम्स्कला. ज्याच्याशी बोलणं उरलं नव्हतं त्याच्या पत्रापायी, बघा.

ऐंशी वर्षांनी तीच गत समीक्षकाची. 1929 मधे बाख्तिन या रशियन समीक्षकाचं दस्तयेवस्कीवरचं पुस्तक आलं, म्हणणं असं की या कादंबऱ्यांत लेखक पात्रांच्या डोक्यावर बसून निकाल देत नाही, प्रत्येकाचा आवाज आपापल्या जागी पूर्ण असतो. पुस्तक आलं तेव्हा बाख्तिनला अटक झालेली होती. मग कझाकस्तानात हद्दपारी, तिथे हिशेब लिहायची नोकरी. 1960 च्या सुमारास मॉस्कोतल्या काही तरुण अभ्यासकांना कळलं की हा माणूस जिवंत आहे, सारान्स्क नावाच्या रशियन गावात शिकवतोय. त्यांना वाटत होतं, कधीच गेला असणार.