भंगारात देण्याआधी

(दृश्य: कुडाळ बाजारपेठ, भर पाऊस. ताडपत्रीखाली भंगाराचा टेम्पो. पत्रे, पाण्याचा पंप आणि मधे दाबून बसवलेले सीपीयू.)

कोकणातला पावसाळा कॉम्प्युटरला मानवत नाही. खारी, दमट हवा बोर्डावरच्या तांब्याला हिरवं करते आणि विजेची ये-जा उरलेलं काम करते. गणपतीआधी घर-दुकान आवरायला काढलं की हे डबे बाहेर येतात. भंगारवाला वजनावर घेतो. सगळी माहिती साठवणारी हार्ड डिस्क आतच राहते.

(दृश्य: दुरुस्तीचं दुकान. उघडलेली हार्ड डिस्क, तबकडीत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब.)

ही तबकडी ॲल्युमिनियमची. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये ती बऱ्याचदा काचेची असते. तिच्यावर चुंबकीय थर असतो आणि ती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. वाचणारं हेड तिला टेकत नाही, काही नॅनोमीटर वरून तरंगतं. साठवलेला प्रत्येक फोटो, प्रत्येक हिशेब या थरातल्या चुंबकीय खुणांमध्ये असतो.

फाइल डिलीट केली, रिसायकल बिनही रिकामा केला, तरी या खुणा हलत नाहीत. फक्त यादीतली नोंद जाते. तलाठ्याच्या दप्तरातून नाव कमी झालं म्हणून शेत काही जागचं उठत नाही. क्विक फॉरमॅट, म्हणजे डिस्क झटपट रिकामी करणं, हे नुसतं कोरं दप्तर.

(दृश्य: टेबलापलीकडे गावात सेवा केंद्र चालवणारे गृहस्थ. जुनी डिस्क विकायला आणली आहे.)

“ह्यात काय नाय आता. सगळा डिलीट केलंय.”

त्यांच्या परवानगीने डिस्क जोडली. डिलीट झालेल्या फाइल परत काढणारं, फुकट मिळणारं एक रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं.

(दृश्य: स्क्रीनवर एकेक फाइल उगवते. आधार कार्डं, रेशनकार्डं, सातबारे, पासबुकाची पहिली पानं. नावं-क्रमांक धूसर केलेले. मग गृहस्थांचा चेहरा. इथे निवेदन नाही.)

२००३ साली अमेरिकेत एमआयटीच्या दोन संशोधकांनी बाजारातून घेतलेल्या १५८ जुन्या डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या १२९ चालू होत्या, नीट पुसलेल्या फक्त १२. पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक त्यांच्या हाती लागले.

(दृश्य: पेनड्राइव्ह लावला. काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं.)

आता पुसायचं काम. आधी हवं ते दुसरीकडे उतरवून घ्यायचं आणि ते उघडतंय ना, हे पाहायचं. मग पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून एनवाइपसारखा डिस्क पुसणारा प्रोग्राम चालवायचा आणि त्यात शून्य भरायची पद्धत निवडायची. मग तो डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून, म्हणजे छोट्या कप्प्यापासून, शेवटच्यापर्यंत शून्य लिहीत जातो. सुरू करण्याआधी डिस्कचं नाव आणि क्षमता दोनदा वाचायची, कारण चुकीची डिस्क निवडली तर परतीची वाट नाही.

ज्यांना हे अवघड वाटतं त्यांच्यासाठी विंडोजमध्येच सोय आहे. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फॉरमॅट करताना ‘क्विक’समोरची खूण काढायची. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये असं पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितं.

किती वेळा पुसायचं? १९९६ साली संगणक सुरक्षेचे अभ्यासक पीटर गटमन यांनी ३५ फेऱ्यांची पद्धत मांडली, आणि तो आकडा आजही लोकांना घाबरवतो. ती पद्धत त्या काळापर्यंतच्या वेगवेगळ्या डिस्क धरून होती. आजच्या हार्ड डिस्कला एक पूर्ण फेरी पुरते. लोक पस्तीसच्या धास्तीने एकही करत नाहीत, हे थांबायला हवं.

(दृश्य: टक्केवारी सरकते आहे. बाहेर वीज जाते, इन्व्हर्टर घेतो.)

५०० जीबीची डिस्क थेट केबलने जोडली तर दीड-दोन तास, जुन्या यूएसबीने चार-पाच. मधेच बंद पडली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पावसात हे काम इन्व्हर्टरवरच करावं.

(दृश्य: हेक्स एडिटर, म्हणजे डिस्कवर लिहिलेलं जसंच्या तसं आकड्यांत दाखवणारा प्रोग्राम. शून्यांच्या ओळीच ओळी.)

पुसल्यावर बघायचंसुद्धा. सुरुवात, मध्य, शेवट, कुठेही उघडा, शून्यच दिसलं पाहिजे. अशी डिस्क चालू असेल तर तिच्यावर हातोडा मारू नये. एखाद्या शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये ती अजून चालेल.

एसएसडीला, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कला, ही पद्धत पुरत नाही. तिथे झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप, नवा मजकूर दुसऱ्याच जागी लिहितो आणि जुना मागे राहू शकतो. तिच्यासाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला ‘सिक्युअर इरेज’ वापरायचा. पहिल्या दिवसापासून बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून ठेवणारी विंडोजमधली सोय, चालू ठेवलं असेल तर फारच चांगलं.

(दृश्य: मेलेली डिस्क. चांदणीच्या आकाराचे स्क्रू सुटतात. चष्मा, हातमोजे. काचेची तबकडी फुटते.)

जी डिस्क सुरूच होत नाही, ती पुसता येत नाही. ती उघडून तबकडीच फोडायची. काचेची तबकडी कचकन फुटते आणि तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. ॲल्युमिनियमची असेल तर तिला ड्रिलने भोकं पाडून वाकवायची. एसएसडीत तबकडी नसते, तिथे प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे.

(दृश्य: वेगळे केलेले ढीग.)

उरलेलं सगळं ई-कचऱ्यात, नोंदणीकृत रिसायकलरकडे. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि ही नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर होते. डिस्क देताना तिच्यावरचा अनुक्रमांक वहीत लिहून ठेवा, आणि त्याच ओळीत तारीख आणि ती कशी पुसली किंवा फोडली तेही.