मागून पडलेले ठोके

(दृश्य: वागळे इस्टेट, सकाळ. रिक्षांची गर्दी. एका गाळ्याचं शटर वर जातं.)

ठाण्याची वागळे इस्टेट. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. आज बऱ्याच कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती दिसतात. मागच्या गल्ल्यांत मात्र अजून लेथ फिरतो, पत्रा वाजतो. त्यातच एक दबका ठोका ऐकू येतो. सावकाश, मध्येच थांबणारा.

या गाळ्यात एक बाई हंडे फाडून बायकांचे चेहरे घडवते.

(दृश्य: हंड्याचा गळा, जवळून.)

हंडे जुने, तांब्याचे, भंगारातून किलोवर आणलेले. गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं. देणाऱ्याचं, नाहीतर कुणाच्या तरी स्मरणार्थ. जिनं त्यातून पाणी वाहिलं, तिचं क्वचितच. तेवढा तुकडा ही कापून टाकत नाही. शिल्पातल्या बाईच्या खांद्यावर येईल असा राखते.

धातूकाम बायकांचं नाही, असं अजूनही कानावर येतं. शिल्पकार मीरा मुखर्जी (१९२३–१९९८) बस्तरच्या कारागिरांकडून ओतकाम शिकल्या, त्यालाही अर्धशतक उलटून गेलं. असो.

(दृश्य: राळेवर पालथा पत्रा. हातोडी.)

उठावाच्या कामात पत्रा राळेवर पालथा घालतात आणि मागून ठोकतात. पुढून बघणाऱ्याला गाल दिसतो, पापणी दिसते. घाव सगळे पाठीमागे. भाजी खारट झाली, माझंच चुकलं. पोराला ताप आला, माझंच लक्ष नव्हतं. बढती मिळाली, तर ती चुकून मिळाली असणार. हे ठोकेही बाहेरून कुणाला ऐकू येत नाहीत.

तांब्याची एक खोड आहे. ठोकत राहिलं की ते ताठरतं. तरी ठोकलं तर तडकतं. म्हणून मध्येच हात थांबवायचा, राळ सोडवायची, पत्रा लाल होईस्तोवर तापवायचा. मग पाण्यात बुडवला तरी तो मऊच राहतो. पोलाद असतं तर कडक झालं असतं. एकेका चेहऱ्यासाठी हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. आम्हाला शूटिंगची घाई होती, तांब्याला नव्हती.

(दृश्य: कपाळावरची चीर.)

या एका कपाळावर थांबायची वेळ हुकली. डाग देऊन चीर बुजवता आली असती. तिनं तशीच ठेवली.

(दृश्य: शिल्पाची मागची बाजू. भट्टी.)

शेवटचं काम कल्हईचं. कल्हई भांड्याला आतून करतात, आतलं अन्न कळकू नये म्हणून. इथं तर अन्न नाही. शेजारच्या गाळ्यातले वेल्डरकाका डोकावून विचारतात, मागून कोण बघणार आहे?

ती काही बोलत नाही. चिमूटभर नवसागर टाकते. पांढरा धूर उठतो. कापसाच्या बोळ्यानं ती कथील फिरवायला लागते, खड्ड्याखड्ड्यातून.